रखमीची काळी भुई

किन्हवलीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला पंधरा घरांचा पाडा आहे. तिथल्या रखमीचे हात लग्नसराईत कोपरापर्यंत काळे असायचे. धुवून जायचे नाहीत. नवरा नवसू हयात होता तेव्हा तिला जेवताना चिडवायचा, "भाकर तोंडात घाल गो, सारवू नको."

रखमी भुई करायची, लग्नघरांची जमीन सारवून घोटून द्यायची. काळी भुई. भाताचा पेंढा पेटवायचा आणि तो काळा झाला, पण अजून राख झाला नाही, तेवढ्यात त्यावर पाणी मारायचं. सगळं कसब तिथंच. डोळा लवण्याएवढा उशीर झाला तरी करडी राख हाती येते. मग ते काळं पाट्यावर वाटायचं, शेणात कालवायचं, तीन हात द्यायचे आणि ओल उडता उडता नदीतल्या गोट्यानं घोटत बसायचं. घाईच्या बाया बॅटरीचे जुने सेल फोडून त्यातली पूड शेणात घालत. अशा भुईवर रखमी मांडी घालून बसायची नाही. उकिडवी बसून चहा प्यायची आणि उठताना हळूच सांगायची, "सेलाची हाय."

मग घरोघरी लाद्या आल्या. मुलगा जगन मुरबाड-कल्याण जीप चालवतो. त्यानंही मागल्या दिवाळीत घरात पांढऱ्या लाद्या बसवल्या. सून रुपाली खूश झाली. काळी मुंगी चालली तरी दिसते, म्हणाली. रखमीनं पडवी तेवढी हट्टानं राखली. ती दर पंधरा दिवसांनी घोटायची, आणि बाहेरून कुणी हाक मारली की मान वर करून बघायची. सात वर्षांत भुईसाठी एकही हाक आली नव्हती. ते तिला लागायचं.

ती हाक जगनच्या जीपमधून आली. योगिनी नावाची कल्याणची बाई घरं सजवून द्यायची. मुरबाडच्या पुढं कुणाचं तरी दगडी घर तिच्याकडं होतं. वाटेत तिनं जगनला मोबाइलवर फोटो दाखवले. काळ्या भिंती, काळा ओटा, काळे पडदे. सध्या लोकांना हेच हवंय, म्हणाली. जगन हसला. आमी तर काळी भुई फोडून पांढरी केली, म्हणाला. बाईनं तिथंच ठरवलं, पडवी बघायची.

ती आली ती डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात. रखमीनं तिला दोनदा न्याहाळलं.

"बाय, सगला काला नेसतंस, सासू काय बोलत नाय?"

"बोलते ना. म्हणून तर नेसते."

रखमीला ती तिथंच आवडली. योगिनी पडवीत बसली, तळवा फिरवत राहिली, आणि असा काळा मला कुठल्या दुकानात मिळाला नाही, म्हणाली. हे घर जमलं तर आणखी दोन आहेत, असंही जाताना सांगून गेली. त्या रात्री रखमी जेवली नाही. माळ्यावरचा पेंढा उतरवत बसली.

त्या दगडी घरात चार दिवस काम चाललं. मदतीला रुपाली गेली, आधी तोंड वाकडं करून. तिसऱ्या दिवशी गोटा तिनं स्वतःहून हातात घेतला. चौथ्या दिवशी दुपारी भुई वाळली. खिडकीतला उजेड आत आला आणि विहिरीच्या पाण्यावर थांबावा तसा तिच्यावर थांबला. योगिनी चपला हातात घेऊन दारातच उभी राहिली.

रखमीनं तांदळाचं पीठ वाटीत कालवलं आणि भिंतीकडेनं पांढरी रेघ ओढायला वाकली. योगिनीनं तिचा हात धरला. पांढरं काही नको, म्हणाली. मालकांना सगळं काळं हवंय, उद्या फोटो काढायला माणूस येतोय.

रखमीनं वाटी खाली ठेवली. घरातून मयत उचललं की त्या दिवशी भुई सारवतात आणि रेघ ओढत नाहीत. बाकी कधीही कोरी सोडत नाहीत. हे तिनं सावकाश समजावलं. योगिनीनं ऐकलं, मालकांना फोन लावला, आणि फोन ठेवून नाही अशी मान हलवली.

पुढची दोन घरं रखमीला समोर दिसत होती. हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. ती उठली आणि भुईच्या मधोमध जाऊन बसली.

"रेघ नाय, तर मानूस बसंल. कोरी नाय सोडायची मी."

"रखमीबाई, उद्या फोटो आहेत."

"काडा की. मी पन कालीच हाय."

योगिनीला हसू आवरेना. मग बघते तो रुपालीही सासूला चिकटून बसलेली. लाद्यांची हौस असलेली रुपाली शांतपणे म्हणाली, "ताई, असल्या भुईवर आमच्याकडची बाय पानी पन पित नाय. तुमी घर देताय का मयताचा सुतक?"

मग योगिनी त्यांच्यासमोर बसली. काळा कुडता शेणाच्या भुईला टेकला, त्याचं तिला काही वाटलं नाही. किती जाड लागते रेघ, तिनं विचारलं. रखमीनं करंगळी वर धरली. योगिनीनं पुन्हा फोन लावला आणि या वेळी विचारलं नाही, सांगितलं.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत रेघ फिरली. फोटोत ती आली की नाही, हे रखमीनं कधी विचारलं नाही.

महिन्यानं दुसऱ्या घरवाल्यांचा फोन आला. रुपालीनं घेतला. कधी येता, असं ते विचारत होते. पडवीत बसलेल्या रखमीचा हात घोटता घोटता थांबला.

"बोलू का, येतो म्हनून?" रुपालीनं फोनवर तळवा ठेवून विचारलं.

"पयली विचार," रखमी म्हणाली, "रेघ चालंल का?"