अविवाहित काकांची तीन मुलं

आमचे अण्णाकाका आजन्म अविवाहित आहेत आणि शाळेच्या ॲपनुसार त्यांना तीन मुलं आहेत. ते ॲप माझ्या हातचं आहे.

म्हणजे सगळं नाही. शाळाप्रवेशाच्या ॲपमध्ये पालक नाव कसं नोंदवतील आणि पुढे कुठून कुठे जातील, तेवढे मोबाइलवरचे पडदे मी नव्याने केले. जुन्या ॲपला पासवर्ड लागायचा आणि तो कुणाच्याच लक्षात राहायचा नाही. मी पासवर्डच काढून टाकला. एक मोबाइल नंबर म्हणजे एक कुटुंब, एका कुटुंबाची जास्तीत जास्त तीन मुलं. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. (आमच्या ऑफिसात बटणाचा रंग बदलला तरी टाळ्या पडतात.)

याआधी मी चक्क अभ्यासही केला होता. गावच्या पारापाशी दोन दुपारी बसून वहीत लिहिलं, 'सर्वांकडे मोबाइल आहे.' निरीक्षण मी उत्तम करते. माणसांना काही विचारायचं म्हटलं की मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून विचारलं कुणालाच नाही.

शनिवारी दुपारी वहिनी माझ्यासमोर फोन घेऊन उभी राहिली. तिचा वेद आमच्या दहिवलीजवळच्या शाळेच्या बालवाडीतून पहिलीत जायचा होता. प्रवेश पाच वाजता बंद होणार होते. हुकला तर पोराला रोज नेरळपर्यंत धाडायचं.

"तुझंच ॲप ना? मग दोन मिनिटांत होईल," वहिनी म्हणाली.

"एका मिनिटात," मी म्हटलं. (हे वाक्य ती मला अजून ऐकवते.)

शाळेत वेदच्या नावापुढे काकांचा नंबर होता. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या कागदांवर काकांचाच नंबर असतो. तो टाकला. पडद्यावर फुगे उडाले आणि हिरवा पोपट नाचत आला : 'अभिनंदन! तुमच्या तिन्ही मुलांचा प्रवेश झाला आहे!'

काकांनी चष्मा वर केला. "कुनाची तीन?"

"तुमची, काका."

"आगं, माजं लगीन तरी लाव आदी!"

पुढे तीन नावं होती. तिन्ही मुलं डोंगरावरच्या वाडीतली. काका एकदम खूश झाले. "ही व्हय? आगं, वाडीवर रेंज नाय. शाळेचा मेसेज तिकडं पोचनार कसा? म्हनून समदी माजाच नंबर देतात. मेसेज आला की मी निरोप धाडतो. परवा फॉर्म भरताना झेरॉक्सवाल्याकडनं त्यांचे फोन आले, ओटीपी सांगा म्हनून. सांगितले!"

"पण असं किती जण करतात?"

"आख्खी वाडी! तुला ठावं नवतं?"

पाराजवळ बसून मी सगळ्यांच्या फोनचे रंगसुद्धा लिहून आणले होते.

वेद चौथा. चौथ्याला माझ्या पडद्यांवर जागाच नव्हती. मी वहिनीचा नंबर टाकून पाहिला. पोपट गंभीर झाला : 'हे मूल दुसऱ्या कुटुंबाचे आहे.'

"काय?" वहिनीचा आवाज चढला. "नऊ महिने मी वागवलं, आणि हा पोपट मला शिकवतो? त्या हेल्पलाइनला फोन लाव."

"हेल्पलाइन नाहीये."

"कुणी काढली?"

फोनवर अनोळखी माणसाशी बोलायच्या कल्पनेनेच मला घाम फुटतो. तसा सगळ्यांनाच फुटत असणार, या थोर विचाराने मी तो नंबर काढून तिथे पोपट बसवला होता. आता त्यालाच प्रश्न विचारला. 'मी मिठू! कामाच्या दोन दिवसांत उत्तर देईन!' साहेबांना मेसेज केला. ते ट्रेकला गेले होते. त्यांनी डोंगराचा फोटो आणि 'सोमवारी बघू' पाठवलं. या पोपटाच्या चोचीवर आम्ही तीन आठवडे चर्चा केली होती!

चार वाजता काकांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट शाळेच्या खिडकीवर नेलं. तिथे रांग होती. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येक फोनवर माझा पोपट.

खिडकीतल्या गायकरबाई कारकून होत्या. ॲप अडलं की कागदावर फॉर्म घ्यायची मुभा त्यांना होती.

"पोराचं नाव? आईचं नाव? दाखला आनलाय? झालं. पुढचे!"

वेदचा प्रवेश झाला. घड्याळ लावून सांगते, दीड मिनिट.

मी हळूच सटकणार तेवढ्यात बाई रांगेला उद्देशून म्हणाल्या, "कुना शान्यानं हे ॲप केलंय, देव जाने! त्याला एकदा हितं उभा करा."

"त्याला नाय, तिला!" काका अभिमानाने ओरडले. "आमच्या पुतनीनं केलंय. ही काय!"

सगळी रांग वळली. मला आजवर इतक्या लोकांनी एकदम कधीच पाहिलं नव्हतं.

"हिनं? त्या पोपटानं माजा आख्खा रोज बुडवला गं बाय!" मागून एक जण म्हणाली.

बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि दार उघडलं. "या मॅडम. वीस-बावीस जन हायत, पाचच्या आत उरकायचंय. फॉर्म लिवा."

मी लिहायला बसले. सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्यामुळे माझं मराठी अक्षर मुंगी चिखलातून चालल्यासारखं पुढे सरकतं. पहिलंच नाव पुरं होईपर्यंत बाईंनी तीन फॉर्म संपवले होते. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्टेपलर दिला.

"तुमी नुसत्या पिना मारा."

पाच वाजेपर्यंत मी एकूण एक फॉर्मला पिना मारल्या. शाळाप्रवेशाच्या क्षेत्रात मी केलेल्या कामांपैकी, ज्यात कुणीही अडकलं नाही असं ते पहिलंच.