शेपट्यांचं कोलॅजेन आणि दीपनगरचा फ्रीज

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी जळगावच्या एका कॉलेजात उंदरांच्या शेपट्या सोलत होते. याला संशोधन म्हणत. पीएच.डी.साठी मी कोलॅजेन नावाचं प्रथिन घेतलं होतं. आपली कातडी, हाडं, कूर्चा, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, हे सगळं त्याच्या जिवावर उभं असतं. उंदराच्या शेपटीत ते फार शुद्ध मिळतं. बी.एस्सी.च्या मुलांचा विच्छेदनाचा तास उरकला की मी शेपट्या गोळा करायची. शेपटी मोडून ओढली की रेशमासारखे पांढरे धागे बाहेर येतात. ते सौम्य आम्लात घालून थंडीत ठेवले की विरघळून मधासारखा दाट द्रव होतो.

‘थंडीत’ असं पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक लिहिणारा मे महिन्यात जळगावला आलेला नसावा.

माझे मार्गदर्शक कपाशीवरच्या अळ्यांचे तज्ज्ञ होते. माझा विषय त्यांनी मान्य केला, कारण तो ‘भारदस्त’ वाटत होता. विभागात फ्रीज नव्हता. कॉलेजातला एकुलता एक फ्रीज प्राचार्यांच्या खोलीत होता, कारण विज्ञानाचं एक वेळ भागतं, पाहुण्यांचं गार पाण्यावाचून भागत नाही. तिथे सरबताच्या बाटल्यांच्या रांगेत माझा फ्लास्क उभा असे. कुणी चुकून तोंडाला लावू नये म्हणून मी त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहिलं. तेव्हापासून प्राचार्य माझ्याशी फार आदरानं बोलू लागले.

मेच्या सुट्टीत कॉलेजच्या रस्त्यावरचा ट्रान्स्फॉर्मर जळाला. लाइट आली तोवर माझा मध पाण्यासारखा पातळ झाला होता. कोलॅजेन म्हणजे तीन पेडांचा पिळलेला दोर. उष्णतेनं पेड सुटले की त्याचं जिलेटिन होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; माझ्या दोरांचा पीळ जळगावच्या दोन दुपारींत गेला.

सरांनी फ्लास्क उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. “मग जिलेटिनवर करा की,” ते म्हणाले. “शीर्षकात एकच शब्द बदलावा लागेल.”

“सर, जिलेटिन म्हणजे बिघडलेलं कोलॅजेन.”

“असू द्या. आपल्याकडच्या परिस्थितीशी जुळतं.”

पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं. मी गावी गेले. आमचं गाव रावेरकडे, घरची केळीची शेती. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, केळीच्या पानावरचा डाग पाहून रोग ओळखण्याची सवय. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून रोग ओळखला आणि उपायही ठरवला : लग्न.

स्थळ भुसावळजवळच्या दीपनगरचं होतं. मुलगा वीजकेंद्रात इंजिनिअर. पाहायला तो, त्याची आई आणि एक आत्या आली. पोहे झाल्यावर आत्यांनी विचारलं, “पोरगी कशात डॉक्टर व्हते?”

“प्रोटीनमधी,” नाना म्हणाले.

“म्हंजे तुरीच्या डाईत?”

“हो, डाईतच,” नानांनी घाईघाईनं कबूल केलं. शेपट्यांचा उल्लेख करायचा नाही, असं मला सकाळीच बजावलेलं होतं.

आम्हा दोघांना ओसरीवर बोलायला पाठवलं. त्यानं विचारलं, “डाळीत नेमकं काय?”

“डाळ नाही. उंदराच्या शेपट्या.” हे स्थळ मोडणारच, तर निदान माझ्या हातून मोडावं, असं मला वाटलं.

तो दचकला, पण उठला नाही. “शेपटीच का?” असं त्यानं विचारलं. वर्षभरात हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, मार्गदर्शकांनीसुद्धा नाही. मग मी सगळं सांगितलं, धाग्यांपासून ट्रान्स्फॉर्मरपर्यंत. शेवटी माझा आवाज चढला. “तुम्ही लोक वीज करता, मग ती जाते कुठे?”

“आम्ही फक्त तयार करतो. वाटणारे वेगळे.”

“आचाऱ्यानं म्हणावं, मी रांधलं, तुम्ही उपाशी राहिलात ते वाढप्याला विचारा!”

तो हसला. मी विचारलं, “तुमच्याकडे किती वेळ जाते?”

“कॉलनीत?” तो जरा ओशाळला. “कॉलनीत सहसा जात नाही.”

त्या क्षणी माझ्या मनात जे उमललं त्याला प्रेम म्हणणं फार होईल. पण रोमांच उभे राहिले, एवढं खरं. मी एकच अट घातली : फ्रीजचा एक कप्पा माझा. नानांना वाटलं, बापाला खर्च नको म्हणून मुलगी एवढ्याशा मागणीवर भागवतेय. त्यांनी डोळे पुसले.

लग्नानंतर मी रोज भुसावळहून शटल गाडीनं जळगावला जाऊ लागले. येताना शेपट्यांचे धागे बर्फाच्या थर्मासमध्ये असत. पहिल्या आठवड्यातच सासूबाईंनी फ्रीज उघडून विचारलं, “हे काय वं?”

मी खरं ते सांगितलं. त्यांनी दुधाचं पातेलं उचललं आणि शेजारणीच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. शेजारणीनं दूध सांभाळलं आणि बातमी वाटली. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं की इंजिनिअरसाहेबांच्या घरी उंदीर खातात.

महिनाभर आमच्याकडे कुणी चहाला आलं नाही. सासूबाई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत. मग एका दुपारी शेजारीण स्वतःच बर्फ मागायला आली आणि म्हणाली, “ती घान ठेवता, तिथला बर्फ नको बरं, वरचा द्या.” मी आतल्या खोलीत होते. सासूबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, “घान नाही ते. माही सून डॉक्टर व्हऊन राह्यली. तुही सून कोन व्हऊन राह्यली?”

शेजारीण बर्फ न घेताच गेली. दूध त्याच संध्याकाळी आमच्या फ्रीजमध्ये परत आलं, माझ्या फ्लास्कला खेटून. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कोथिंबीर निवडत बसले.

दीपनगरच्या फ्रीजमध्ये माझं कोलॅजेन दाट राहिलं. प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या कामापेक्षा केळीचे वेफर्स कुठे चांगले मिळतात याची जास्त चौकशी केली. माझ्या सरांनी मात्र भाषणात सांगितलं की हा विषय सुरुवातीपासून त्यांच्या जिव्हाळ्याचा होता.

पदवी मिळाली तशा कॉलनीतल्या बायका गुडघे घेऊन येऊ लागल्या. सगळ्यात पुढे शेजारीण. मी सांगायची, मी तसली डॉक्टर नाही. सासूबाई आतून ओरडायच्या, “पाय तर पाह्य त्यांचे!”

मग त्यांचाच गुडघा धरला. मी त्यांना भुसावळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. “झीज आहे. वय झालं. खाली बसू नका.”

बाहेर आल्यावर सासूबाई माझ्या खांद्यावर हात टेकून हळूहळू रिक्षात चढल्या. “इतकं तर मलेबी माहीत व्हतं,” त्या म्हणाल्या. “हे दुखनं जातं कशानं, ते तू सांग.”

मला ते माहीत नव्हतं. अजूनही नाही. मी तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला बाजाराकडून घ्यायला सांगितलं, कारण घरी कोथिंबीर संपली होती.