लेकीनं सांगितलेली विहीर

बहारीनमधल्या गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या आठवड्यात एका इंग्लिश खेड्याचीच चर्चा. लेकीच्या टीचर तिथल्या. दगडी पूल, जुनं चर्च, तळ्यातली बदकं, एवढंसं ते गाव. पण बाई अशा तोऱ्यात सांगायच्या की जग जणू तिथूनच सुरू झालं. मला आवडलं ते. आपल्या गावाचा तोरा असावाच माणसाला.

मग त्यांनी मुलांना सांगितलं, आता तुमचं गाव सांगा, आईबाबांसमोर, शाळेच्या हॉलमध्ये.

"अवर व्हिलेज हॅज नो हिस्ट्री," लेक म्हणाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

माझं डोकंच सणकलं. समोर बसवलं तिला. म्हटलं, ऐक. गावच्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नव्हते, म्हणून तुझ्या पणजोबांनी वस्ती गोळा करून स्वतःची विहीर खणली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि संध्याकाळी खडक फोडायचा. पाणी लागलं तेव्हा वस्तीनं नियम केला: दोर-बादली कुणी घरी न्यायची नाही, काठावरच ठेवायची. येईल त्यानं भरावं, जात विचारायची नाही. अजून तसंच चालतं. उन्हाळ्यात गावची विहीर आटली की सगळं गाव आमच्याकडे येतं.

ह्यांनी टीव्ही बंद केला. "अगं, आंबे सांग, जत्रा सांग. हॉलमध्ये माझ्या ऑफिसचे लोक असणार, आपले मराठीच. बहारीनला आल्यापासून कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता कशाला?"

शुक्रवारी आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची, पण ऑफिसात त्याची वाच्यता नसायची, हे मला ठाऊक होतं.

"चोरी केलीय का आपण?" मी म्हटलं. त्यांनी टीव्ही पुन्हा लावला. लेक दोघांकडे बघत राहिली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये ती उभी राहिली आणि विहीरच सांगितली. अभिमानानं माझा ऊर भरून आला. ह्यांचे साहेब पुढच्याच रांगेत. टीचरनी सहज विचारलं, "पण पाणी भरू कोण देत नव्हतं?"

लेक बाबांकडे बघू लागली.

हे उठले. साहेबांकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाले, "आमचेच शेजारी. आम्हाला अस्पृश्य म्हणायचे. ती विहीर माझ्या आजोबांनी खणलीय."

आणि खाली बसायचं सोडून ते सरळ स्टेजवर गेले, लेकीच्या शेजारी उभे राहिले.