मी मोजलेली पायवाट

निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात. मी म्हटलं, आपण आपले रस्ते करू. तीस वर्षं मी रहदारीच्या मोजणीचं काम केलं. म्हणजे नाक्यावर खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे कागदावर एक उभी रेघ मारायची. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. त्या रेघांवरून पुढे साहेब लोक ठरवणार, कुठे रस्ता रुंद करायचा, कुठे बायपास काढायचा. त्यातली काही ठिकाणं एकदा डोळ्यांनी पाहावीत असं बरेच दिवस मनात होतं. खरं सांगायचं तर थोडं मिरवायचंही होतं, स्वतःपाशीच.

बायको म्हणाली, "लोक चंद्रपूरला वाघ बघायला जातात, तुम्ही ट्रक बघायला चाललात!" दिवाळीला दोन आठवडे असताना मोटारसायकल काढली.

नागपूर ते चंद्रपूर दीडशे किलोमीटर. जाम, वरोरा, भद्रावती असा सरळ रस्ता आहे, तीन तास धरा. वरोऱ्याला तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे धुळीत खावंसं वाटत नाही. पडोलीच्या अलीकडेच ट्रकांची रांग लागली. मी उगाच घुग्घुसकडे वळून आलो, कारण तिथल्या नाक्यावर मी कधीकाळी आठवडाभर बसलो होतो. कोळसा तोच, सिमेंटची पूड तीच, फक्त ट्रक इतके वाढलेत की आता रेघा मारायला तिघं लागतील. पाळी सुटलेले कामगार तोंडाला रुमाल बांधून ट्रकांच्या फटीतून मोटारसायकली काढत होते. माझा निळा शर्ट तासाभरात राखाडी झाला.

चंद्रपुरात शिरताना दोन्ही बाजूंना नव्या लेआउटच्या पाट्या. "शहरापासून फक्त पाच मिनिटे." त्या पाटीखाली मी पंचवीस मिनिटं उभा होतो. लॉजवर खोली नऊशेला मिळाली. मॅनेजरने विचारलं, "मोहर्लीले सफारी हाय का उद्या?"

"नाही हो, मी रस्ते आणि ट्रक बघायला आलोय."

त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. "मंग इतल्या दूर काऊन आले भाऊ? खिडकी उघडा न, सारे दिसतेत."

दुसऱ्या दिवशी मूल आणि सावली या गावांवरून गडचिरोली गाठलं. वैनगंगेच्या पुलावर थांबून पाणी बघा, या वाटेवर डोळ्यांना बरं वाटणारी तेवढीच जागा आहे. पिवळं पडत चाललेलं धान आणि मधूनमधून जंगल. गडचिरोलीत भात आणि लाखोळीची डाळ जेवलो, ऐंशी रुपयांत पोटभर. तिथून दक्षिणेला लागलात की लोहखनिजाचे ट्रक सुरू होतात. ताडपत्रीखालून लाल माती गळते आणि रस्त्याकडेची झाडंसुद्धा लाल दिसतात. एकामागून एक, एकामागून एक. दुचाकीवाल्यांनी सकाळी नऊच्या आत हा टप्पा उरकावा.

मला जायचं होतं ते बाजाराचं गाव याच रस्त्यावर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पूर्वी सगळे ट्रक त्याच्या पेठेतून जायचे. नवे कारखाने येणार म्हटल्यावर बायपास ठरला आणि त्याच्या मोजणीला मी होतो. आता पेठ मोकळी आहे. कापड दुकानदार खूश होता. "पह्यले गिऱ्हाईक रस्ता पार करून येतच नोव्हते. आता पाहा, बाया आरामात फिरून राह्यल्या." माझी छाती फुगली. मी त्याच्याकडून गरज नसताना एक टॉवेल घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या आधी, बायपास बघायला गेलो. बायपासच्या पलीकडे जंगलाच्या कडेला तीसेक घरांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. त्याची पायवाट पूर्वी शेतातून थेट पेठेत यायची. आता ती बायपासला येऊन थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. तिथे चहाची टपरी दिसली म्हणून थांबलो. टपरीवाली कमलाबाई, चाळिशीची असेल. तिने चहा ओतला आणि अर्ध्यातच भांडं खाली ठेवून कोपऱ्यातला बांबू उचलला. बांबूच्या टोकाला लाल लुगड्याचा तुकडा बांधलेला. ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि बांबू आडवा धरला. येणारा ट्रक हॉर्न वाजवत, ब्रेक दाबत तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

शाळेचं दप्तर घेतलेली एक मुलगी सायकल ढकलत तिच्या मागून पार झाली. बांबू बाजूला झाला, ट्रक शिवी देऊन निघून गेला.

"माही रोशनी," कमलाबाई परत येत म्हणाली. "दहावीत हाय."

टोल्यातल्या बायांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. सकाळी एकीने लुगडं धरायचं, संध्याकाळी दुसरीने. अकरा पोरी पेठेतल्या शाळेत जायच्या. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यातली एक, मंदा, ट्रकखाली आली. पाळीवाल्या बाईला पोचायला थोडा उशीर झाला होता. त्यानंतर एकेका घराने पोरीचं नाव काढून घेतलं. उरली रोशनी एकटी.

"तिले नर्स व्हाचं हाय म्हणते. पण परीक्षा येते मार्चात," कमलाबाई म्हणाली. "मार्चात लुगडं कोण धरन भाऊ?"

"का? तुम्ही नसता?"

"मोह पडते न तवा. टोल्यात कोणीच नसते. म्हातारे, पोट्टे, सारे जंगलात झाडाखालीच राह्यतो, फुलं वेचाले. पंधरा-वीस दिवस इकडं कोणी येतच नाई. तेच आमचं सालभराचं मीठ-मिरची हाय. ते सोडून कसं जमन?"

मला एकदम पळसाचं झाड आठवलं. याच पायवाटेवरचं, लालभडक फुललेलं. त्याच्या सावलीत खुर्ची टाकून मी तीन दिवस बसलो होतो, सकाळी सहा ते रात्री आठ. टोल्यातून पेठेत किती माणसं जातात ते मोजायचं होतं. माणसं पुरेशी असतील तर बायपासच्या खालून भुयारी वाट मिळणार होती. तीन दिवसांत एकही माणूस आला नाही. मी सोबतच्या माणसाला गमतीने म्हटलं होतं, या टोल्यात माणसं राहतात की भुतं? डबा खाल्ला, झोप काढली, आणि तीनही दिवसांच्या रकान्यात शून्य लिहून सही ठोकली. मार्चचा शेवटचा आठवडा होता. पळस फुलला की मोह पडतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी विदर्भातलाच.

मी कमलाबाईला सगळं सांगितलं. न सांगता निघालो असतो तर चाललं असतं, पण जमेना.

तिने ऐकून घेतलं. "तुमी एकटेच बसून होते तं टोल्यावर याचं न. एक म्हातारी होती, कुरमा बुढी. हिंडता येत नोव्हतं तिले. तिले इचारलं असतं तरी सांगतली असती." मग माझा कप बघून म्हणाली, "चहा थंडा झाला. दुसरा देऊ का?"

घेतला मी दुसरा. काय करणार होतो? रडू येत होतं आणि समोर ट्रक चालले होते.

निघताना तिला म्हटलं, परीक्षेला मी येईन, मी धरेन लुगडं. ती हसली नाही. तिने माझा फोन नंबर लिहून घेतला, स्वतःचा दिला.

घरी येऊन अर्ज केला. मोजणी चुकीच्या दिवसांत झाली, चूक माझी आहे, पुन्हा करा. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. त्या पेठेतली कोंडी मी मोकळी झालेली पाहिली, पण ती कुठेच नाहीशी झालेली नाही. कोंडी उचलायची आणि ज्याचा आवाज पोचत नाही त्याच्या दारात नेऊन ठेवायची, एवढंच मी तीस वर्षं केलं. हे वाचून कुणाला त्या बाजूला जावंसं वाटलं तर जरूर जा. पण बायपासवर लाल लुगडं दिसलं तर लांबूनच वेग कमी करा.

फेब्रुवारीत मी कमलाबाईला फोन लावला. म्हटलं, परीक्षेच्या तारखा कळवा, मी तिकडेच मुक्कामाला येतो.

"नोका येऊ भाऊ," ती म्हणाली. "पोरीनं फारमच नाई भरला. दिवाळीनंतर मीच जाऊ नाई देलं. येईन आता माह्यासंगं मोह वेचाले."

मोजणीच्या कागदाची एक प्रत माझ्या ट्रंकेत आहे. ती काढून बघितली. टोला ते पेठ, शाळेची वेळ, शून्य. खाली माझी सही. लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. आता खरं झालंय.