पेवातली वाइन

वाइनचा नाद मला पिण्यातून नाही, वाचण्यातून लागला. बेळगावात खडेबाजारच्या टोकाला एक रद्दीवाला बसायचा. कॅम्पातल्या बंगल्यांत कोणी वारलं किंवा कोणाची बदली झाली की तिथली इंग्रजी पुस्तकं त्याच्याकडे यायची. त्यातलं एक जाडजूड पुस्तक मी निपाणीला घेऊन आलो. नवशिक्याने वाइनचा संग्रह कसा सुरू करावा आणि तो कसा सांभाळावा, एवढाच त्याचा विषय. वाचकाच्या घराला तळघर असतंच, असं लेखकाने गृहीत धरलं होतं. माझ्या घराला तळघर नव्हतं. पण मागच्या अंगणात पेव होतं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं आणि मी निपाणीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. माझ्या आधीच्या दोन पिढ्या गावाबाहेरच्या एका मालकाच्या खळ्यावर राबल्या. मालकाची मुलं कोल्हापूरला गेली, त्यांनी खळ्याचे प्लॉट पाडून विकले. त्यातला एक मी घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. प्लॉट निवडून घेतला, पेव असलेलाच.

पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत रांजणासारखं फुगत गेलेलं, दोन पुरुष खोल. बंद पेवात ज्वारीची वाफ कोंडते. ती दिसत नाही, तिला वासही येत नाही. उतरलेला माणूस खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून तोंड आधी उघडं टाकायचं, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. विझला तर नाही.

माझ्या अंगणातल्या याच पेवात माझा चुलता गेला. मी जन्मायच्या आधी, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना. आमच्या घरात सांगायचे ते असं, की मालकाला बाजार गाठायची घाई होती, म्हणून मुकादमाने कंदील सोडूच दिला नाही. आईही तेवढंच सांगायची. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

प्लॉट घेतला तेव्हा ती म्हणाली, "पैलं ते बुजव."

मी बुजवलं नाही. ज्या खड्ड्याने आमचा माणूस खाल्ला तो आता माझ्या नावावर आहे, हे आल्यागेल्याला दाखवायला मला आवडायचं. दुसऱ्यांच्या थाटामाटाची टवाळी करण्यात मी हयात घालवली. माझा स्वतःचा थाट जमिनीखाली असल्यामुळे नजरेतून सुटला असावा.

पुस्तक म्हणत होतं, जागा अंधारी हवी, थंड हवी, हादरे नकोत आणि कसलाही वास नको. शेवटची अट निपाणीत कुठे पुरी व्हावी? हंगामात वखारी उघडल्या की सगळ्या गावाच्या नाकात तंबाखू जायची. वर्गात हजेरी घेताना पोरं "हजर" म्हणायच्या आधी शिंकायची. पेवात मात्र तंबाखू पोचत नव्हती.

पहिल्या सहा बाटल्या मी गोव्याहून एस.टी.ने आणल्या, टॉवेलांत गुंडाळून. गोड, लालभडक, पत्र्याच्या फिरकीच्या बुचाच्या. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवावी, असं पुस्तकात ठासून लिहिलं होतं. मी त्या कडब्यावर आडव्या निजवल्या. पत्रा ओला राहिल्याने काय साधतं ते मला पुढे कळलं. गंज साधतो.

"पाचवं शील ठावं हाय न्हवं?" आईने विचारलं. बुद्धाच्या तसबिरीपुढं ती रोज सकाळी पंचशील म्हणायची, आणि पाचवं दारू न पिण्याचं.

"पीत न्हाय आई. साठवतोय."

"वखारवालाबी तंबाखू साठवतोयच की. गाव खोकतंय."

शेवटी तिने अट घातली. पेवात उतरायचं ते रविवारीच, सकाळी. झाकण तिच्या हातून निघणार, कंदील ती सोडणार, आणि ती 'उतर' म्हणाल्याशिवाय शिडीला पाय लावायचा नाही.

मग दर रविवारी ते सुरू झालं. ती पेवाच्या काठावर मांडी घालून बसायची. दोरीला तिने तीन गाठी मारल्या होत्या. तिसरी हातातून सुटली की कंदील तळाला. तो खाली जळत असताना ती पंचशील म्हणायची. तेवढा वेळ म्हणजे वेळ. पाचवं शील संपलं की ती म्हणायची, "उतर." आणि मी दारू बघायला उतरायचो.

खाली जुन्या ज्वारीचा वास होता. भिंतींना शेणमातीचा गिलावा होता आणि त्यावर लिंपणाऱ्या बायांची बोटं उमटलेली होती. आमच्याच गल्लीतल्या बाया असणार. मी बाटल्या पुसायचो, तापमान वहीत लिहायचो, पुस्तकात सांगितलं म्हणून. पण बाटल्यांकडे तोंड करून बसलो की पाठीमागे कोणीतरी भिंतीला टेकून बसलंय असं वाटायचं. दमून बसावं तसं. इतिहास शिकवणाऱ्याने असलं काही बोलू नये, म्हणून मी कोणाला बोललो नाही. फक्त तिकडे वळून कधी पाहिलं नाही. वर उजेडाचा गोल दिसायचा आणि त्यात आईचं डोकं. ते हलायचं नाही.

रद्दीवाल्याकडेच मला एक साहेब भेटले. लष्करातून निवृत्त, राहायला कॅम्पात. माझं पुस्तक त्यांच्याच बंगल्यातून निघालेलं होतं. ते परत मागण्याऐवजी त्यांनी मलाच शिष्य करून घेतलं. वाइनला खांदे असतात, पाय असतात, स्वभाव असतो, असं ते सांगत. माझ्या गोव्याच्या बाटलीतला घोट त्यांनी बराच वेळ तोंडात खेळवला आणि म्हणाले, "प्रोफेसर, प्रामाणिक आहे." खोकल्याच्या औषधालाही हे म्हणता आलं असतं. पण साहेब मला बरोबरीने वागवत होते, आणि त्याची मला बाटल्यांपेक्षा जास्त चटक लागली होती.

त्या उन्हाळ्यात त्यांनी अथणीकडची काळी द्राक्षं आणून घरीच वाइन घातली. काचेचे दोन मोठे बुधले, तोंडाला नुसतं फडकं बांधलेलं. "बंगल्यात उकाडा फार. तुमच्या सेलरमध्ये राहू दे," म्हणाले. पेवाला त्यांनी सेलर म्हटलं तेव्हा मी फुललो. आम्ही बुधले दोरीने खाली सोडले. कान लावला तर आत बारीक खदखद ऐकू येत होती. पुढे आईला ताप आला, दोन रविवार पेव बंदच राहिलं.

तिसऱ्या रविवारी साहेब सकाळीच मोटरसायकलवर आले, डोक्यावर हॅट, पायात पांढरे बूट. झाकण पहाटेच काढलेलं होतं. आईने कंदील पेटवला, काच पुसली आणि सोडायला घेतला. पहिली गाठ सुटली. दुसऱ्या गाठीला ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली.

"वाऱ्यानं विझला," साहेब म्हणाले. "पुन्हा लावा, आक्का."

आईने कंदील वर घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा दुसरी गाठ.

"जुना कंदील आहे. तेलात पाणी असेल." साहेब हसले. "प्रोफेसर, तुमच्याकडे अजून हे चालतं?"

त्यांनी 'तुमच्याकडे' म्हटलं आणि माझे कान तापले. मला सगळं माहीत होतं. कंदील कशासाठी ते माहीत होतं, त्या खड्ड्यात कोण गेलं ते माहीत होतं, आणि ताजी वाइन आंबताना तशीच वाफ सोडते, हवा खेळती ठेवावी, हे पुस्तकातलं वाक्यही मी वाचलं होतं. तरी मी चपला काढल्या आणि शिडीवर पाय ठेवला. साहेबांसमोर अडाणी ठरू नये म्हणून.

"वाऱ्यानं न्हाय विझला," आई म्हणाली.

हळूच म्हणाली. मग उठून माझा दंड धरला, मला बाजूला केलं आणि पेवाच्या तोंडावर आडवी बसली, पाय एका काठावर, पाठ दुसऱ्या काठाला.

"आक्का, अहो पडाल," साहेब म्हणाले.

"पडू दे. त्या दिशीबी असंच म्हनला हुता मुकादम. वाऱ्यानं इझला, उतर."

"आई, त्या दिवशी कंदील सोडलाच नव्हता न्हवं?"

"सोडला हुता. मीच सोडला हुता."

ती बोलताना आम्हा दोघांकडेही बघत नव्हती. तेव्हा तिच्या लग्नाला तीन महिने झाले होते. चुलता तिच्या बरोबरीचा, थट्टेखोर. दोरी त्यानेच तिच्या हातात दिली होती. "वैनी, तू धर, तुझा हात हालत न्हाय." दुसऱ्या गाठीला कंदील विझला. मुकादम म्हणाला, वारा. चुलत्याने पाय आत सोडले आणि तिच्याकडे बघितलं.

"इचारत हुता रं त्यो मला. तोंडानं न्हाय, नुसतं बघून. नवी नवरी, मालकाच्या मानसांपुढं कशी बोलायची? मी पदर दातात धरला. त्येला वाटलं, ही गप हाय म्हंजे बरं असंल."

साहेबांनी हॅट काढली. खिशातलं वर्तमानपत्र पेटवून, आईला विचारून, तिच्या बाजूने आत टाकलं. दुसऱ्या गाठीच्या सुमारास ते कोणीतरी मुठीत धरावं तसं विझलं. साहेब ते बघत राहिले. मग म्हणाले, "आक्का, माझं चुकलं." एवढं छोटं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. नंतर ते पुन्हा आले नाहीत, बुधलेही त्यांनी मागितले नाहीत.

आई तिथून उठेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मी तिला म्हणालो, तू त्या वेळी बोलली असतीस तरी तुझं कोणी ऐकलं नसतं. हे खरं होतं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यानं ऐकलं असतं."

मी पेवात पुन्हा उतरलो नाही. बाटल्या अजून खाली आहेत, आडव्या. संग्रह म्हणून पुस्तकाच्या सगळ्या अटी त्या पुऱ्या करतात. पेव बुजवतो म्हणालो तर आता आईच नको म्हणाली, झाकणही घालू देईना. काठाने मी दगडी कट्टा बांधून घेतला.

ती असेपर्यंत दर रविवारी सकाळी ती त्या कट्ट्यावर बसून कंदील खाली सोडत असे. पहिली गाठ, दुसरी, तिसरी. उतरायला कोणी नसे. मी आतल्या खोलीत पेपर तपासत बसे आणि खिडकीतून मला तिची पाठ दिसे. कंदील जळत राहायचा. ती पंचशील पुरं म्हणायची, दोरी थोडी सैल सोडायची, वाकून तळाशी बघायची, आणि घरच्या माणसाला जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणायची, "ये आता वर."