बाबांसाठी बनवलेला खोटा बिघाड

बँकेत कॉम्प्युटर येणार हे नक्की झालं आणि बाबांचं जेवण कमी झालं. बचत खात्याच्या काउंटरवर त्यांनी अर्धी नोकरी काढली होती. त्या वर्षांत रोज नवी बातमी यायची. युनियननं विरोध सोडला, ज्यांना मशीन जमणार नाही त्यांची लांब बदली होणार, नाहीतर त्यांना वेळेआधी घरी पाठवणार. इंदूरच्या कुठल्याशा शाखेत एकानं चुकीचं बटण दाबलं आणि दिवसभराच्या नोंदी उडाल्या, ही गोष्ट बाबा इतक्यांदा सांगत की ती सुरू झाली की आई उठून आत जायची.

मी तेव्हा बी.एस्सी. करत होते आणि इंदूरजवळच्या आमच्या शहरात, माधव नगरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. खाली भैरवगढच्या छापील चादरींचं दुकान, वर क्लास. रविवारी दुपारी तिथं कुणी नसायचं, म्हणून सरांना विचारून मी बाबांना शिकवायला नेऊ लागले. अक्षरं शोधणं त्यांना लवकर जमलं. पण प्रत्येक बटण दाबलं की ते चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचे.

"चालवायचं राहू दे, ते येईल," एका रविवारी ते म्हणाले. "हे बिघडतं कसं ते दाखव मला. एकदा डोळ्यांनी पाहिलं की टेन्शन जरा कमी होईल."

क्लासमधली मुलं एकमेकांना घाबरवायला खोटे बिघाड बनवत. अचानक सगळा स्क्रीन निळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक ओळ. ती युक्ती मी शिकून घेतली आणि बाबांसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. खाते नंबर आणि नाव भरत जायचं. मधेच कधीतरी निळा स्क्रीन यायचा. कधी येणार, हे मलाही ठाऊक नसायचं. तो आला की बाबांनी हात उचलायचे, लिहिलंय ते वाचायचं आणि एक बटण दाबायचं, की नोंदी परत समोर. घाईनं वायर मात्र ओढायची नाही.

पहिल्यांदा तो आला तेव्हा खोटा आहे हे माहीत असूनही बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. पुढे पुढे बसूनच राहू लागले. नंतर तर आकडे मोठ्यानं वाचून दाखवायला लागले.

असंच एका दुपारी स्क्रीन निळा झाला. बाबांनी शांतपणे हात उचलले.

"आज मजकूर बदललास वाटतं," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. मी मजकूर बदलला नव्हता. माझे आकडे मला पाठ होते, हे आकडे वेगळे होते. बाबांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तेव्हा स्क्रीन काळा पडला आणि हार्ड डिस्क सापडत नाही अशी एक ओळ त्यावर आली.

"बाबा, हा माझा नाही," मी म्हणाले.

त्यांचे हात तसेच हवेत राहिले. "म्हणजे मी केलं?"

"नाही, तुम्ही काही नाही केलं," मी म्हणाले खरी, पण मला काहीच माहीत नव्हतं. क्लासमधलं ते सगळ्यात नवं मशीन होतं. मी सरांना बोलवायला मागच्या त्यांच्या घरी पळाले. परत आले तेव्हा बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि रुमालानं तळवे पुसत होते. सरांनी मशीनचा डब्बा उघडला, आतली वायरची एक सैल झालेली पट्टी दाबून बसवली आणि पुन्हा चालू केलं. मशीन घरघरलं, थांबलं. मग नेहमीची अक्षरं आली.

"अंकल, आपने कुछ नहीं किया," सर म्हणाले. "ये तो होता रहता है."

घरी जाताना बाबांनी स्कूटर इतकी हळू चालवली की सायकली पुढे जात होत्या. आता ते पुन्हा येणार नाहीत, असं मला वाटलं. दाराशी उतरल्यावर ते म्हणाले, "पुढच्या रविवारी तो डब्बा उघडून दाखवायला सांग सरांना."

बँकेत मशीन सुरू झालं त्या दिवशी मला कॉलेजात बसवेना. मी सरळ शाखेत गेले आणि खांबाआड उभी राहिले. काउंटरपुढे गर्दी होती. बाबा दोन बोटांनी टाइप करत होते, खांदे कानांपर्यंत चढलेले. तेवढ्यात बत्ती गेली. पंखे थांबले, मॅनेजरसाहेब केबिनमधून धावत बाहेर आले, मागच्या टेबलावरची माणसं उभी राहिली. बाबा बसूनच राहिले. "दो मिनट रुकिए, भाई साहब," ते समोरच्या माणसाला म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता आणि कपाळावर घाम होता.

बत्ती आली, मशीन पुन्हा सुरू झालं. त्यांनी स्क्रीनवरचं सगळं वाचलं आणि पुढची नोंद करायला घेतली. मी त्यांना न भेटताच निघाले.

संध्याकाळी मी विचारलं, कसं झालं.

"झालं," ते म्हणाले, आणि आईकडे चहा मागितला. निवृत्तीपर्यंत ते त्याच काउंटरवर बसले. भीती त्यांची कधी पुरती गेली नाही. सोमवारी सकाळी बँकेत निघायच्या आधी ते आमच्याशी फारसं बोलत नसत.