चष्मा लावणे बंधनकारक

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही, आणि त्याचं श्रेय कोणी लाटलं तेही विसरलेलो नाही.

सिडनीत टॅक्सी चालवत परीक्षा दिल्या आणि पोलिसात शिरलो. कॅसल हिलच्या बाजूला ठाण्यात असताना एक मराठी नर्स काउंटरवर आली. डोळ्यांवर जाड चष्मा. घरोघर जाऊन पेशंट पाहायची. तिच्या लायसन्सवर दोन दंड चढले होते. तिसरा चढला की लायसन्स निलंबित आणि नोकरीही जाणार.

"मी त्या रस्त्यांवर नव्हतेच, सर."

नोंद मात्र स्पष्ट होती : फोनवरचं डिजिटल लायसन्स पाहिलं, फोटो जुळला. माझा वरिष्ठ म्हणाला, "मेट, सगळे हेच सांगतात. फाइल बंद कर." मी भडकलो. आठवडा मागितला, दोन दिवस मिळाले.

गाडी अडवणाऱ्या दोन्ही कॉन्स्टेबलांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागवलं. गाडीतली बाई फोन दाखवते, स्क्रीन खाली ओढते, तशी लायसन्सवरची वेळ ताजी होते; म्हणजे नुसता स्क्रीनशॉट नव्हे. लायसन्स अस्सल. मग फोटोखालची अट वाचली : चष्मा लावणे बंधनकारक. बाईला चष्मा नव्हता. लायसन्सचा फोटो चष्मा काढूनच घेतात, म्हणून चेहरा पटला होता.

नर्सला विचारलं, "लेन्स लावता?"

"सोसत नाहीत." तिला चित्रण दाखवलं. ती म्हणाली, "ही माझी धाकटी बहीण. जुना फोन मीच तिला दिला. त्यातलं माझं लायसन्स पुसायचं राहिलं. पिन घरात सगळ्यांना माहीत."

बहिणीला बोलावलं. रेकॉर्डिंग सुरू केलं.

"ताईनेच दिला फोन," ती म्हणाली.

"फोन दिला. नावही दिलं का?"

ती घासाघीस करू लागली. "वॉर्निंगवर सोडणार असाल तर सांगते."

"ते माझ्या हातात नाही. स्वतःहून सांगितलंस, एवढं लिहीन. रडून वेळ काढलास तर तेही नाही."

तिने सांगितलं. ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास, वेअरहाउसमध्ये पहाटेची शिफ्ट, तेव्हा बस नाही.

नर्सचं लायसन्स आणि नोकरी वाचली. पुढे 'अटींची ओळ वाचा' असं परिपत्रक सगळ्या ठाण्यांत गेलं, वरिष्ठाच्या सहीने. बढतीही त्यालाच.

त्याआधी, बहिणीविरुद्धच्या जबाबावर सही करताना नर्सने डोळे पुसायला चष्मा काढला. समोर हुबेहूब धाकटीच बसल्यासारखी वाटली. तोवर मी त्या कॉन्स्टेबलांना मनातून शिव्या घालत होतो. त्यांच्या जागी मीही नर्सच्याच नावावर दंड लिहून गाडी सोडली असती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी लायसन्सवरची अट आधी वाचली, फोटो शेवटी पाहिला.